पिपलानीचं मैदान आणि एका ग्लोव्हचा हिशोब

भोपाळला पिपलानीजवळ एक चौक आहे. त्याचं नाव रत्नागिरी तिराहा. पहिल्यांदा येणारा मराठी पाहुणा ही पाटी वाचून हमखास हसतो. इथे समुद्र नाही, हापूस नाही, मासळीचा वासही नाही. आहे तो रायसेन रोडचा धुरळा, हॉर्न आणि सकाळी सहापासून लागलेल्या पोहे-जलेबीच्या गाड्या. आमचे कोकणातले एक आतेकाका दर खेपेला म्हणतात, "तुमची रत्नागिरी बरी बाबा, घाट लागत नाही."

तिथून आत वळलं की गजबज कमी होते आणि भेलची वसाहत सुरू होते. मोठी जुनी झाडं, सरळ रस्ते, एकसारखी क्वार्टर्स. काहींच्या अंगणात अजून पेरू आणि कढीपत्ता दिसतो, तर काही रिकामी पडून त्यांच्या भिंतींतून पिंपळ उगवले आहेत. माझं बालपण या वसाहतीत गेलं. हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी १९५६ साली स्थापन झाली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक सहकार्याने भोपाळचा कारखाना उभा राहिला आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. पुढे १९७४ मध्ये ती कंपनी भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा, हबीबगंज असे वसाहतीचे भाग वसले. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, मराठी, सगळ्या देशातून माणसं आली. आमचे बाबा त्यात अमरावतीहून आले.

लहानपणी आम्हाला वाटायचं की जगात सगळीकडे असंच असतं. कंपनी घर देते, दवाखाना देते, शाळा देते आणि खेळायला मैदानही देते. मैदानाला कोणी भाडं मागत नसे. त्यामुळे खेळायला पैसे लागतात ही गोष्ट मला फार उशिरा कळली. नेमकी कधी कळली, तर यंदाच्या संक्रांतीला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

"तू समजाव तिला"

ताईचं घर आता पिपलानीला लागून असलेल्या सोनागिरीत आहे. आई-बाबा तिच्याच गल्लीत राहतात. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात आहे. यंदा तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं, तर प्रवास धरून नऊ दिवस लागणार होते. त्याच नऊ दिवसांत तिची सीसीई, म्हणजे कॉलेजची अंतर्गत चाचणी होती.

भाऊजींचा मला आधीच फोन आला होता. "तू कॉम्प्युटरवाला, तुझं ऐकते ती. समजाव तिला. खेळ झाला दोन वर्षं, आता पुरे."

खरं सांगतो, मी समजवायच्याच तयारीने गेलो होतो. माझ्या डोक्यात वाक्यंही तयार होती. पहिली नोकरी, स्पर्धा, एआय, आता वेळ घालवायची नाही वगैरे. भाची म्हणाली, "मामा, तू आधी ग्राउंडवर तर ये. सर म्हणून राहिले होते की घरच्यांनी एकदा येऊन बघायला पाहिजे." आमच्या घरचं मराठी असंच आहे, अमरावतीचं बी आणि भोपाळची माती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिच्या स्कूटरवर मागे बसून मैदानावर गेलो. जानेवारीतली थंडी, धुकं आणि दवाने ओली झालेली काळी माती. भोपाळची ही माती पावसात बुटाला धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एका बाजूला मुलांचे तीन क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसून चालले होते. उरलेल्या कोपऱ्यात चुन्याने चौकोन आखलेला होता आणि बेसच्या जागी वाळू भरून शिवलेली पोती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा भाऊ. १८८७ मध्ये शिकागोत तो बंदिस्त जागेतला खेळ म्हणून सुरू झाला. एका बाजूला नऊ खेळाडू, सात डाव. पिचर चेंडू खालून हात फिरवून टाकते, महिलांमध्ये ४३ फुटांवरून. फटका मारला की बॅटरने ६० फुटांवरच्या पहिल्या बेसकडे धावायचं. चेंडू तिच्या आधी तिथे पोचला की ती बाद. 'सॉफ्ट' नावापुरतंच. चेंडू चांगला कडक असतो, म्हणून प्रत्येक क्षेत्ररक्षक हातात चामड्याचा ग्लोव्ह घालते.

मैदानावर चौदा मुली होत्या आणि ग्लोव्ह नऊ. बाजू बदलली की एका गटाने ग्लोव्ह काढून दुसऱ्या गटाला द्यायचे. हेल्मेट दोन होती. कॅचरच्या छातीचं संरक्षक कवच एका बाजूने दोरीने बांधलेलं. पण चेंडू जमिनीलगत आला की मुली ज्या झटक्याने खाली वाकत होत्या आणि फेकत होत्या, ते पाहून शेजारच्या क्रिकेटवाल्या मुलांपैकी दोघं-तिघं आपला सामना सोडून बघत उभी होती. माझी भाची दुसऱ्या बेसजवळ उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती. घरी जेवायला या म्हटलं तरी जिचा आवाज निघत नाही, ती हीच का, असं मला वाटलं.

माझी तयार वाक्यं तिथेच अडकली.

तीन रकाने

संध्याकाळी घरी बसलो असताना मी नोकरीतल्या सवयीने लॅपटॉप उघडला आणि एक तक्ता केला. म्हटलं, वाद नंतर घालू, आधी आकडे मांडू. तीन रकाने: पैसा, माणसं, अभ्यास.

पहिला रकाना पैशाचा. भाची सांगत गेली, मी टाइप करत गेलो. ग्लोव्ह २,६०० रुपये. स्पाइक्सचे बूट २,२००. सरावाची पँट, लांब मोजे, गुडघ्याची पट्टी मिळून १,५००. सरावाला जायचं पेट्रोल, दहा महिन्यांचं ७,०००. खांदा दुखायला लागला तेव्हा फिजिओथेरपी, सहा वेळा, २,१००. अंडी, दूध, केळी, सत्तू असा जास्तीचा आहार महिन्याला हजार, म्हणजे १०,०००. बाहेरगावच्या दोन स्पर्धांत खिशातून गेलेले ३,६००. बेरीज आली २९,०००.

मग समोरच्या बाजूला मिळालेलं लिहिलं. टी-शर्ट, ट्रॅकसूट, स्लीपरचं भाडं आणि रोजचा भत्ता धरून साधारण ४,२००. म्हणजे वर्षाला २४,८०० रुपये घर घालत होतं. हे भाऊजींनाही ठाऊक नव्हतं, कारण पैसे सुटे सुटे गेले होते. कधी ताईच्या पर्समधून, कधी आजीच्या हातून, कधी भाचीने दोन लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन मिळवलेल्यातून.

कॉलेजच्या फीमध्ये क्रीडा शुल्क असतं. ते प्रत्येक विद्यार्थी भरतो. पण त्यातून सगळे खेळ चालवायचे असतात आणि एक संघ बाहेरगावी पाठवायचा म्हटलं की प्रवासातच बरंच संपतं. पूर्वी स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना रेल्वेभाड्यात सवलत असे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी रेल्वेने बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात हीसुद्धा होती. ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, त्याची चर्चा आपल्या घराघरात झाली. खेळाडूंची गेली, ते आमच्या घरात तरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा रकाना माणसांचा. मैदानावर शिट्टी घेऊन एकच सर होते. मध्य प्रदेशात सरकारी कॉलेजांतले क्रीडा अधिकारी राज्य लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात. जिथे पद रिकामं असतं तिथे अतिथी म्हणून मानधनावर माणूस घेतात. हे सर असेच मानधनावरचे. सॉफ्टबॉल त्यांचा खेळ नव्हे, ते हँडबॉलचे. नियमांचं पुस्तक वाचून आणि व्हिडिओ बघून त्यांनी मुलींना तयार केलं होतं. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे बुद्धिबळाची निवड, कबड्डीचा संघ आणि वार्षिक क्रीडा अहवाल होता. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजात पिचरला वेगळा प्रशिक्षक, फलंदाजीला वेगळा, शिवाय फिजिओ आणि अभ्यासाचा सल्लागार असतो. इथे ते सगळे मिळून एकटे सर, आणि खांदा दुखला तर आयोडेक्स.

बाबा तोवर गप्प बसून ऐकत होते. माणसांचा विषय निघाल्यावर बोलले. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. "शारीरिक शिक्षणाचे मास्तर घडवायचं काम आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे," बाबा म्हणाले. आमच्या मध्य प्रदेशातही ग्वाल्हेरला १९५७ मध्ये, अठराशे सत्तावनला शंभर वर्षं झाली तेव्हा, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं कॉलेज निघालं. म्हणजे शिकवणारी माणसं तयार होत नाहीत असं नाही. त्यांना पक्की नेमणूक मिळायला वेळ लागतो, आणि स्त्री प्रशिक्षक तर त्याहून कमी दिसतात. भाचीला दोन वर्षांत एकही भेटली नव्हती. खांदा कुठे दुखतो, पाळीच्या दिवसांत सराव किती करायचा, हे सरांना विचारायचं कसं, म्हणून चौदा जणी एकमेकींनाच विचारत होत्या.

तिसरा रकाना अभ्यासाचा. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते. स्पर्धेचे दिवस हजेरीत धरले जाऊ शकतात, पण त्यासाठी पत्र लागतं. ते वेळेवर विभागात पोचलं तर बरं, नाहीतर परीक्षेच्या तोंडावर धावपळ. भाचीचे गुण मी पाहिले. पहिल्या वर्षी तिला ७१ टक्के होते. खेळत नसलेल्या तिच्या मैत्रिणीला ७४. घरात मात्र वर्षभर एकच वाक्य ऐकू येत होतं, "खेळामुळे अभ्यास बुडतो." तीन टक्क्यांसाठी एवढं बोलणं झालं होतं.

तिकडे काय लिहून ठेवतात

आपल्या मंडळातल्या अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत, म्हणून तिकडचं सांगतो. १९७२ मध्ये तिथे 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. त्यातून मुलींचे कॉलेज संघ वाढले, आणि सॉफ्टबॉल हा त्यातला मोठा खेळ. १९९४ च्या आणखी एका कायद्याने कॉलेजांना दरवर्षी क्रीडा विभागाचा हिशोब जाहीर करायला लावलं. मुलींच्या संघांत किती खेळाडू, प्रशिक्षक किती, त्यातल्या स्त्रिया किती, पूर्णवेळ किती, पगार सरासरी किती, शिष्यवृत्तीवर किती खर्च, सामन्यांवर किती. हे तक्ते कोणालाही बघता येतात. मी बघितले आणि थोडा वेळ गप्प बसलो.

अभ्यासाचाही हिशोब तिथे आहे. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूमागे संघाला प्रत्येक सत्रात दोन गुण मिळू शकतात. एक, ती अभ्यासात पात्र राहिली म्हणून, आणि दुसरा, ती कॉलेजात टिकली म्हणून. हजारपैकी ९३० च्या खाली सरासरी गेली तर संघाला हंगामानंतरच्या मुख्य स्पर्धेत खेळू देत नाहीत. शिवाय हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव घ्यायचा नाही असा नियम आहे. मुलगी नापास झाली तर ते संघाचंही अपयश धरलं जातं.

तिकडे सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक कॉलेजांत सॉफ्टबॉलचा खर्च त्याच्या कमाईपेक्षा जास्त असतो आणि मोठ्या ठिकाणी तो मुलांच्या फुटबॉलच्या पैशातून भागतो. बरीच वर्षं पहिल्या श्रेणीत एका संघाला फक्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता यायची. त्या वीस-पंचवीस मुलींत वाटल्या जायच्या, म्हणजे अनेकींना अर्धी किंवा पाव. तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात तर खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. उलट २०२४ मध्ये टेक्सासच्या एका विद्यापीठात गेलेल्या एका पिचरला जाहिरातहक्कांपोटी दहा लाख डॉलरहून जास्त रकमेचा करार मिळाला. एवढी दरी तिथेही आहे. फरक एवढाच की ती दरी कागदावर दिसते. दिसते म्हणून तिच्यावर भांडता येतं.

आपल्याकडे त्या मुलीच्या खेळाचा खर्च कोण करतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग 'खेळ फुकट होतो' असं आपण समजतो, आणि जे फुकट असतं ते सोडायला सांगणं फार सोपं असतं.

ताईचा हात

तक्ता पूर्ण झाला असं वाटलं तेव्हा भाची म्हणाली, "मामा, आईचं लिहिलंच नाही तू." पहाटे साडेपाचला उठून डबा, भिजवलेले चणे, धुतलेला युनिफॉर्म. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, वर्षातले चाळीस आठवडे. २०० तास. मी विचारलं, "दर काय लावू?" सगळे हसले. ताई हसली नाही. ती ओट्याशी तिळगुळाच्या वड्या थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "लिहायचंच असेल तर माझा ग्लोव्ह लिही."

मला काहीच कळलं नाही.

ताई २००० ते २००३ मध्ये कॉलेजला होती. तीसुद्धा सॉफ्टबॉल खेळायची हे मला ठाऊक होतं. एक दिवस तिने सोडलं, हेही ठाऊक होतं. का सोडलं, ते मी पंचवीस वर्षांत विचारलं नव्हतं. मला वाटायचं, कंटाळली असेल.

आमची ताई डावरी आहे. सॉफ्टबॉलमध्ये ज्या हाताने फेकायचं, त्याच्या दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालतात. बहुतेक जणी उजव्या हाताने फेकतात, म्हणून कॉलेजचे सगळे ग्लोव्ह डाव्या हाताचे होते. ताईला उजव्या हातातला ग्लोव्ह हवा होता आणि तो कॉलेजकडे नव्हता. मग ती डाव्या हातात ग्लोव्ह घालून चेंडू अडवायची, घाईघाईने ग्लोव्ह काढून काखेत धरायची आणि त्याच डाव्या हाताने फेकायची. तेवढ्यात धावणारी मुलगी बेसवर पोचलेली असायची. ६० फुटांना लागतात किती, तीन-साडेतीन सेकंद.

"किती होता तो तेव्हा?" मी विचारलं.

"साडेसहाशे. बाबांना विचारलं होतं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मी परत विचारलं नाही."

बाबांनी आयुष्यभर खर्चाची डायरी लिहिली आहे. सगळ्या डायऱ्या लोखंडी कपाटात आहेत. ते उठले, काही न बोलता घरी गेले आणि दोन डायऱ्या घेऊन आले. २००१ ची पानं आम्ही चाळली. किराणा, एलआयसी, आजोबांची औषधं, ताईची कॉलेज फी, माझे शाळेचे बूट. ग्लोव्ह कुठेच नव्हता. मग २००४ ची उघडली. तिथे माझ्या पीईटीच्या क्लासचे दोन हप्ते होते, नऊ-नऊ हजारांचे. दुसऱ्या हप्त्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'सोसायटीतून कर्ज'.

कोणाला दोष द्यावा असं त्यात काही नाही. एक पगार, पाच माणसं, आणि बाबांच्या मनात मुलगा-मुलगी असा हिशोब कधी नव्हता. ताईला त्यांनी शिकवलं, स्कूटी घेऊन दिली, तिच्या लग्नात कर्ज केलं नाही आणि हुंडा तर दिलाच नाही. पण क्लासचे पैसे हे 'अभ्यासाचे' होते, म्हणून कर्ज काढायचे होते. ग्लोव्हचे पैसे 'खेळाचे' होते, म्हणून पुढच्या वर्षी बघायचे होते. आज मी इंजिनिअर म्हणून जे काही कमावतो त्यात त्या अठरा हजारांचा वाटा आहे. त्या साडेसहाशे रुपयांतून काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित ती अजून एक वर्ष खेळली असती, एवढंच.

बाबा डायरी मिटत म्हणाले, "मला आठवतच नाही गं, तू मागितला होतास." ताई म्हणाली, "जाऊ द्या हो बाबा. तिळगुळ घ्या."

पुढे काय झालं

त्या रात्री भाऊजी काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, "ठीक आहे. पण सीसीईचं काय ते बघा."

ताई स्वतः कॉलेजात गेली. निवडीचं पत्र जोडून अर्ज लिहून दिला की स्पर्धेमुळे चाचणी चुकते आहे, परत आल्यावर घ्यावी. तिला वाटलं होतं भांडावं लागेल. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "घेऊ की. लेखी कोणी मागतच नाही, मुली येऊन तोंडी सांगतात आणि मग विसरून जातात." पाच मिनिटांचं काम होतं. दोन वर्षं आमच्या घरी त्यावरून धुसफूस चालली होती.

संघ गेला. दुसऱ्याच सामन्यात हरला. भाची खरचटलेला गुडघा, उतरलेला चेहरा आणि सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन परत आली. चौथ्या दिवशी तिने चाचणी दिली.

त्या प्रमाणपत्राचं मोलही सांगून ठेवतो, कारण अनेक पालकांना ते माहीत नसतं. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्या खेळाडूचा केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी क्रीडा कोट्यातून विचार होऊ शकतो, आणि त्या खेळांच्या यादीत सॉफ्टबॉल आहे. अर्थात त्याहून वरच्या पातळीवर खेळलेले आणि पदक मिळवलेले आधी. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. मध्य प्रदेशात विक्रम पुरस्कार मिळालेल्या खेळाडूला सरकारी नोकरी दिली जाते. आणि ऑलिंपिकमधून गेलेला सॉफ्टबॉल २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये परत येतो आहे. आमची भाची तिथे जाणार नाही, हे तिलाही माहीत आहे. पण आज आठवीत असलेली एखादी मुलगी टीव्हीवर तो सामना बघेल आणि दुसऱ्या दिवशी ग्लोव्ह मागेल. तेव्हा आपण काय म्हणणार आहोत?

आपल्या मंडळात दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. मीही त्यात दोनदा नारळ घेतला आहे. तो चालूच राहावा. पण आपल्यातल्या ज्या घरांत कॉलेजला जाणारी, खेळणारी मुलगी आहे त्यांना माझी विनंती आहे की तिच्या कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. क्रीडा शुल्कातून मुलींच्या संघावर किती खर्च झाला? संघाला शिकवणारं माणूस कोण, आणि एखादी स्त्री प्रशिक्षक महिन्यातून एकदा तरी येऊ शकते का? स्पर्धेच्या दिवसांतली हजेरी आणि चाचणी यांचा लेखी नियम काय? उत्तर मनासारखं मिळेलच असं नाही. पण विचारणारं कोणी आहे, हे तरी कळेल. आणि घरचा तक्ताही एकदा मांडून बघा. कोणत्या खर्चाला आपण 'गुंतवणूक' म्हणतो आणि कोणत्याला 'हौस', ते आपोआप दिसतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी पुन्हा मैदानावर गेलो. या वेळी ताई बरोबर होती, अंगावर शाल, हातात भाचीचा डबा. सरांनी तिला नमस्कार केला. चेंडू घरंगळत आमच्या दिशेने आला तेव्हा ताईने तो उचलला आणि डाव्या हाताने परत फेकला. सरळ दुसऱ्या बेसवर, भाचीच्या ग्लोव्हमध्ये. मुली ओरडल्या, "आंटी, एक और!" ती नको नको म्हणाली.

स्टेशनवर जाताना रिक्षात मी लॅपटॉप उघडून तक्त्यात एक ओळ घातली. '२००१. ग्लोव्ह, उजव्या हाताचा. ६५० रुपये. देणं बाकी.' आणि त्याचा फोटो ताईला पाठवला.

रत्नागिरी तिराह्याच्या सिग्नलवर तिचं उत्तर आलं.

"व्याज धर."